पीएच नॉर्मल, बाई ग्लानीत

ऐंशीच्या दशकात नागपुरात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते, तेव्हा रक्तातल्या आम्ल-अल्कलीच्या गणितांनी माझं डोकं पार उठवलं होतं. साधं गणित जमायचं. पीएच उतरला म्हणजे आम्ल वाढलं. त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असेल तर दोष फुप्फुसांचा, बायकार्बोनेट, म्हणजे रक्तातली अल्कली, कमी असेल तर दुसरीकडे कुठेतरी बिघाड. पण आमच्या ट्यूटर मॅडमना साधं काही आवडतच नसे.

एकदा त्यांनी फळ्यावर पीएच, कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट असे तीन आकडे लिहिले. पीएच अगदी जिथं हवा तिथं.

"नॉर्मल," मी म्हटलं.

"आणि बाकीचे दोन?"

दोन्ही वाढलेले. "एक बिघडलं ते शरीरानं दुसरं वाढवून भरून काढलं असेल, मॅडम."

"शरीर इतकं पुरतं भरून काढत नाही. विचार करा."

एवढं बोलून मॅडम निघून गेल्या! होस्टेलवर माझ्या खापरखेड्याच्या रूममेटनं पुस्तकच आपटलं. "मले तं काहीच समजून नाही राहिलं वं. पीएच बरोबर हाय, मंग चूक काहून?"

मला तरी कुठं समजत होतं! मी पारशिवनीकडच्या शेतकऱ्याची मुलगी. आजाऱ्यांची सेवा शिकायला आले होते, कोडी सोडवायला नाही.

पुढच्याच आठवड्यात वॉर्डात चुलीच्या धुरानं छाती खराब झालेली एक म्हातारी आली. उलट्या थांबेनात, बोलता बोलता ग्लानी येई. रिपोर्टात पीएच नॉर्मल, बाकीचे दोन्ही आकडे फळ्यावरच्यासारखेच वाढलेले. मी वैतागून त्या कागदाकडे बघत राहिले, आणि मग एकदम उमगलं. फुप्फुसांमुळे आम्ल साठत होतं, उलट्यांतून पोटातलं आम्ल बाहेर पडत होतं. दोन आजार एकमेकांना झाकत होते.

मॅडम राउंडला आल्या तेव्हा मी हे सांगितलं. शाबासकी नाहीच.

"आणि नुसत्या उलट्याच बऱ्या केल्या तर?"

"पीएच खाली जाईल. श्वासावर नजर ठेवावी लागेल."

"मग उभ्या काय राहिलात? ठेवा."

सलाइन, औषधं, ऑक्सिजन बेतानं, कारण अशा छातीला तो जास्त झाला तर श्वासच मंदावतो. म्हातारी हळूहळू शुद्धीवर आली. माझ्याकडे बघून म्हणाली, "पोरी, काहून चिडून राहिली वं?"

मी तिचा श्वास मोजायला घेतला.

परीक्षेत आम्ल-अल्कलीवर एकही प्रश्न आला नाही. शय्याव्रण, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा, कसे टाळाल, हे विचारलं होतं. हॉलबाहेर रूममेट पोट धरून हसत सुटली. मला मात्र रागानं रडूच कोसळलं.