बाजारातला स्फोट आणि सासूबाईंचा शिवणवर्ग

बाजारात स्फोट झाला तेव्हा सासूबाई एका बाहीवरून माझ्याशी भांडत होत्या. मी उजवी बाही डाव्या खांद्याला जोडली होती आणि वर ‘घातल्यावर कळणार पण नाही’ असं म्हणाले होते.

‘‘घालणारीक कळतला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘उसव ती.’’

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. घाटकोपर स्टेशनपासून थोड्या अंतरावर भाजीबाजार होता. त्याला लागून भांड्यांचं दुकान, आणि दुकानाच्या वर सासूबाईंचा शिवणवर्ग. एकच खोली, पायाने चालवायच्या शिवणयंत्रांची ओळ आणि दोन स्टुलांवर आडवी टाकलेली जुन्या दाराची फळी. ती आमची कापड बेतायची जागा. संपानंतर सासऱ्यांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही, तेव्हा सासूबाईंनी हा वर्ग सुरू केला. सकाळी बायकांना शिवण शिकवायचं, दुपारनंतर गिऱ्हाइकांची कामं करायची. घर त्यांच्यावर चाललं होतं. सासरे पुढे एका कंपनीत वॉचमन झाले आणि माझ्या नवऱ्याला बँकेत नोकरी लागली, तरी त्यांनी मशीनवरचा पाय काढला नाही.

मी कुडाळजवळच्या गावातून लग्न होऊन आले होते. बी.ए. झाले होते आणि ऑफिसात नोकरी करायची असं माझ्या मनात होतं. नोकरी मिळेपर्यंत वर्गात हात लाव, असं सासूबाई म्हणाल्या. मला ते मनापासून आवडलं नव्हतं. कुणी माझ्या सासूचं विचारलं तर ‘त्यांचा क्लास आहे’ एवढंच मी सांगायची. कसला क्लास, ते गाळायची. त्याही मला फारशा जवळ करत नव्हत्या. मी घातलेली टीप बोटाने चाचपून बघायच्या आणि न बोलता उसवायला परत द्यायच्या. आमच्यात भांडण नव्हतं, पण माया म्हणावी असंही काही नव्हतं.

दिवाळी तोंडावर आली होती. भिंतीवरच्या फळ्यांवर गिऱ्हाइकांच्या कापडांची चवड लागली होती. ब्लाउजपीस, परकराचं पॉपलिन, मुलींचे खण, फॉल लावायला आलेल्या साड्या. खाली बाजार नुसता भरून वाहत होता. म्हणून आवाज झाला तेव्हा मला आधी वाटलं, कुणा पोराने सुतळी बॉम्ब लावला. पण खिडकीची काच फुटून फळीवर पडली आणि खालून भांडी कोसळल्याचा आवाज येत राहिला. मग एकदम शांत झालं. ती शांतता मला आवाजापेक्षा भयंकर वाटली. आणि मग माणसं ओरडायला लागली.

वर्गातल्या बायका भिंतीला चिकटल्या. एकीने मशीनखाली डोकं घातलं. मला रडू फुटलं, काय झालंय ते कळायच्या आधीच. सासूबाई खिडकीशी गेल्या, खाली वाकून बघितलं आणि वळल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज रोजचाच.

‘‘रडतंस कित्याक? ती मोठी कात्री घे. नाड्यांचो गठ्ठो घे. आणि माझ्यावांगडा चल.’’

भाजीवाल्यांच्या रांगेत कुणीतरी पिशवी ठेवून गेलं होतं, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या वेळी फक्त धूर दिसत होता आणि त्यातून टोमॅटो, कोथिंबीर, चपला आणि माणसं. काय लाल आहे ते ओळखू येत नव्हतं. लोक स्टेशनच्या दिशेने पळत होते. ‘अजून एक आहे, अजून एक फुटणार’ असं कुणीतरी ओरडत होतं. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबले. सासूबाईंनी मागे वळून बघितलंही नाही. त्या सरळ चालत गेल्या, आणि त्यांना एकटीला जाऊ देणं मला जमलं नाही, एवढंच मी स्वतःबद्दल सांगू शकते.

आमचा नेहमीचा बटाटेवाला उलट्या पडलेल्या हातगाडीजवळ बसला होता. उत्तरेकडचा, तिशीचा असेल. त्याच्या मांडीतून रक्त नुसतं उसळत होतं आणि तो त्याकडे दुसऱ्याचं असल्यासारखा बघत होता. सासूबाई त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. परकराची नाडी दुहेरी करून जखमेच्या वर बांधली, नाडीत हातगाडीची तुटलेली लाकडी पट्टी अडकवली आणि पट्टी पिळायला लागल्या. गिरणीत कुणाचा हात मशीनमध्ये गेला की असं बांधतात, हे सासऱ्यांनी कधीतरी त्यांना सांगितलं होतं. तो किंचाळला.

‘‘ए भाऊ, उधर नहीं देखने का. मेरे तरफ देख. गाँव किधर तेरा? बच्चा कितना?’’

तो बोलायला लागला. गावाचं नाव, मुलींची नावं. सासूबाई ‘अच्छा, अच्छा’ म्हणत पिळत होत्या. रक्त थांबत आलं तेव्हा त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली.

‘‘सोडू नको. हात गेलो तरी सोडू नको.’’ आणि वर खिडकीकडे बघून ओरडल्या, ‘‘गो, कपडे टाका खाली! सुती असतील ते सगळे!’’

वरून एक बाई घाबऱ्या आवाजात म्हणाली, ‘‘काकू, पण हे गिऱ्हाइकांचे आहेत!’’

‘‘माका ठाऊक आसा. टाक!’’

मग वरून कापडं यायला लागली. कोरं पॉपलिन, मलमल, घडी न मोडलेल्या सुती साड्या. भिंतीला चिकटलेल्या बायका आता एकेक करून खाली उतरत होत्या. ज्या बाईने मशीनखाली डोकं घातलं होतं, ती सगळ्यांत आधी आली. कात्रीने एक चीर द्यायची आणि दोन हातांनी टरकन फाडायचं. जिथे सासूबाई अर्ध्या इंचासाठी आम्हाला ओरडायच्या, तिथे आम्ही गिऱ्हाइकांच्या साड्या फाडत होतो. पळणाऱ्यांतले काही थांबले, परत आले. भांड्यांच्या दुकानाचा मालक कपाळातून रक्त येत असताना घागरीने पाणी आणत होता. कुणीतरी टेम्पो आणला. बटाटेवाल्याच्या जखमेवर एक पांढरी सुती साडी घट्ट गुंडाळली. त्याला आडवा न्यायला हवा होता, तेव्हा वर्गातली दाराची फळीच खाली आणली. वर्गातल्या दोघी त्याच्याबरोबर टेम्पोत चढल्या आणि माझ्या हातातली पट्टी त्यांतल्या एकीने धरली. माझी बोटं उघडत नव्हती. तिने ती एकेक करून सोडवली.

गाड्या येत होत्या, जात होत्या. पोलीस आले आणि दोऱ्या बांधायला लागले. आमच्या जिन्याच्या पायरीशी एक म्हातारी बाई बसली होती. भिंतीला टेकून, मांडीवर मेथीची जुडी. तिला काही लागलंय असं दिसत नव्हतं म्हणून कुणी तिच्याकडे गेलं नव्हतं. सासूबाई गेल्या. तिच्याशी काहीतरी बोलल्या, तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ तशाच बसून राहिल्या. मी पाण्याचा पेला घेऊन गेले तेव्हा त्यांनी मान हलवली. म्हातारी गेली होती. तिचा पदर जळून गेला होता आणि ब्लाउज खांद्यावर फाटला होता. येणारे जाणारे बघत होते.

‘‘बरासा कापड हाड गो,’’ सासूबाई हळू म्हणाल्या. ‘‘फाटका नको.’’

मी वर गेले. फळ्या रिकाम्या झाल्या होत्या. उरलेलं एकच धड वस्त्र होतं, आंबा रंगाची हिरव्या काठांची साडी. माझ्या नवऱ्याने पहिल्या बोनसमधून आईसाठी घेतलेली. गिरणी बंद पडल्यापासून त्यांनी अंगावर नवी साडी घेतली नव्हती. फॉल लावायचा म्हणून ती रोज फळीवर असायची आणि रोज गिऱ्हाइकांच्या कामामागे राहून जायची. मी ती हातात घेऊन जिन्यात उभी राहिले. मग तीच नेली. त्यांनी साडी बघितली, माझ्याकडे बघितलं. ‘बरा केलंस,’ एवढंच म्हणाल्या. आम्ही दोघींनी मिळून घडी उलगडली आणि म्हातारीच्या खांद्यांपासून पावलांपर्यंत घातली. सासूबाईंनी काठ सरळ केला. नेसवताना करतात तसा.

रात्री घरी कुणी जेवलं नाही. सकाळी नवरा म्हणाला, ‘‘आई, आज नको जाऊस. कुणी येणार नाही वर्गाला.’’

‘‘म्हणानच जाव्क व्हया,’’ त्या म्हणाल्या.

बाजार बंद होता. दोऱ्यांच्या पलीकडे पोलीस. ओळखीच्या एका हवालदाराने आम्हाला जिन्यापर्यंत जाऊ दिलं. फुटक्या काचा झाडल्या, जिना धुतला, आणि सासूबाई मशीनवर बसल्या. शिवायला काहीच नव्हतं. चिंध्या होत्या, त्याच जोडायला लागल्या. मशीनचा आवाज त्या रिकाम्या बाजारात खूप मोठा वाटला. थोड्या वेळाने खालच्या भांड्यांच्या दुकानाचं शटर वर गेलं. मालक कपाळाला पट्टी बांधून आला होता. जिन्यातून वर बघत म्हणाला, ‘‘मावशी, आवाज आला म्हणून उघडलं.’’ दुपारपर्यंत वर्गातल्या चौघीजणी येऊन बसल्या होत्या.

नंतर मोठं काम होतं. सासूबाई मला घेऊन गिऱ्हाइकांच्या घरोघर गेल्या. दारात उभ्या राहून त्या सरळ सांगायच्या, ‘‘तुमचं कापड मी फाडलं. बाजारात माणसं पडली होती, त्यांना बांधलं. दिवाळीला तुमचं शिवून होणार नाही.’’ ना गयावया, ना मोठेपणा. काहींनी त्यांचे हात धरले. एक बाई मात्र भडकली. तिच्या मुलीच्या पहिल्या दिवाळसणाचं कापड होतं. ‘‘सगळ्या बाजारात तुम्हाला आमचंच कापड मिळालं?’’ असं ती जिन्यात ओरडली. सासूबाईंनी ऐकून घेतलं. परत येताना मी फणकारले तर मलाच म्हणाल्या, ‘‘तिचा खरा आसा. लेकीचा कापड होता.’’ तिने पुन्हा कधी आमच्याकडे शिवायला टाकलं नाही.

आणि पंतनगरातल्या एका शिक्षिकेने सगळं ऐकून विचारलं, ‘‘माझी पांढरी साडी कुणाला बांधली हो?’’

‘‘बटाटेवाल्याला,’’ मी म्हणाले.

‘‘जिवंत आहे?’’

आम्हाला माहीत नव्हतं. त्या बाईंनी तिथल्या तिथे चपला घातल्या. आम्ही तिघी इस्पितळात गेलो. तो कोपऱ्यातल्या खाटेवर होता, पाय वर टांगलेला. सासूबाईंना बघून उठायला लागला. ‘‘लेट, लेट,’’ त्या म्हणाल्या. शिक्षिका त्याच्या उशाशी बसल्या आणि आपण कोण ते न सांगता त्याला मोसंबी सोलून देत राहिल्या. त्याचा पाय वाचला, जरा आखडला. पुढे तो लंगडत का होईना, त्याच बाजारात गाडी लावत असे.

दिवाळीच्या पहाटे उटणं लावून झाल्यावर नवऱ्याने विचारलं, ‘‘आई, नवी साडी कुठे?’’

सासूबाईंनी जुनीच धुवट साडी नेसली होती. ‘‘दिली एकीक,’’ त्या म्हणाल्या आणि फराळाचं ताट पुढे सरकवलं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी करंज्या वाढायला घेतल्या. ते सांगायचं की नाही हे ठरवायचा हक्क सासूबाईंचा होता. त्यांनी ते कधीच कुणाला सांगितलं नाही.

या शहराने नंतर कितीतरी मोठे घाव सोसले. ते टीव्हीवर आले, त्यांचे स्मृतिदिन होतात, मेणबत्त्या लागतात. आमच्या बाजारातला तो दिवस कुणाला आठवत नाही. परवा आमच्या सोसायटीत अशाच एका स्मृतिदिनाला तरुण मंडळी बोलत होती, कोण तेव्हा कुठे होतं ते सांगत होती. मला विचारल्यावर मी त्यांना हे सगळं सांगितलं. एका मुलीने विचारलं, ‘‘आज्जी, तुम्हाला भीती नाही वाटली?’’ वाटली, मी म्हणाले. सासूबाईंनाही वाटली असणार. त्यांचा चेहरा मी बघितला होता.

ऑफिसातली नोकरी मला पुढच्याच वर्षी मिळत होती. मी गेले नाही. सासूबाईंना दिसेनासं झालं तेव्हा वर्ग माझ्या हातात आला आणि मी तो पुष्कळ वर्षं चालवला. लग्न झाल्यावर बाजारात कुणी ‘तू कुणाची गं?’ असं विचारलं की मी नवऱ्याचं नाव सांगून बँकेत असतात असं जोडायची. त्या दिवाळीनंतर मी सांगू लागले, वरच्या शिवणवर्गातल्या बाई आहेत ना, त्यांची सून.