भाऊंची दीड फूट सावली

संसदेचं कामकाज पहिल्या गोंधळापासून शेवटच्या तहकुबीपर्यंत जागचं न हलता पाहणारा माणूस या देशात एकच आहे आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे, हे मी कुठल्याही चौकात उभं राहून सांगायला तयार आहे. दुसरे कुणी असतील तर ते पगारी असतील. मामांना पगार मिळत नाही. उलट मामींची बोलणी मिळतात. अधिवेशन सुरू असलं की कुरुळीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत फोडणीसुद्धा जपून द्यावी लागते. मामी मध्येच काही बोलल्या तर टीव्हीवरची नजर न काढता मामा हात वर करतात आणि म्हणतात, "सन्माननीय सदस्यांनी खाली बसावं." "अध्यक्ष महाराज, तव्यावरची भाकरी करपंल," मामी उत्तर देतात, आणि तो मुद्दा चर्चेविना मंजूर होतो. माझ्या लग्नात एका पंगतीला मठ्ठा आलाच नाही, तेव्हा या गृहस्थांनी पानावरून उठून औचित्याचा मुद्दा मांडला होता. मठ्ठा आला. तेव्हापासून आमच्या घरात त्यांना 'शून्य प्रहर' म्हणतात, अर्थात त्यांच्या माघारी.

मामा मूळचे परभणीकडचे. आयटीआय करून चाकणला आले आणि गाड्यांचे सुटे भाग तपासायच्या कामाला लागले, ते निवृत्त होईपर्यंत. त्या कंपनीत फोटो निघायचा तो फक्त बाद मालाचा. लाल चिठ्ठी लावायची, फोटो काढायचा आणि सगळ्यांना दिसेल असा भिंतीवर डकवायचा. आयुष्यभर हे पाहिल्यामुळे फोटो म्हणजे खोटीचा पुरावा, हे मामांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की माझ्या लेकीच्या वाढदिवसाला मी मोबाइल उगारला तरी ते दचकतात. "जावईबापू, काय खोट निघाली माझ्यात?" मी म्हटलं, चांगल्या गोष्टींचेही काढतात हो फोटो. "कशाला? चांगला माल गाडीला लागतो आन् पळायला लागतो. त्याला फोटोला थांबायला वेळ कुठाय?" असा हा माणूस चाकणहून बसनं घरी येताना रस्त्यावरचे वाढदिवसाचे, अभिनंदनाचे, निवडीचे फ्लेक्स खिडकीतून एकेक करून बघतो आणि प्रत्येकाला "बाद... बाद... बाद..." असं पुटपुटत येतो. शेजारी बसलेल्याला वाटतं, जप चाललाय.

कुरुळीच्या फाट्यावर पूर्वी पत्र्याची एक शेड होती. कंपन्यांत जाणाऱ्या बाया तिथं बसची वाट बघत बसायच्या. रस्ता रुंद करताना शेड गेली. पुढं बरेच महिने काहीच झालं नाही, मग एकदा चौथरा बांधायला सुरुवात झाली आणि मामांना कोण आनंद झाला! ते रोज सकाळी जाऊन विटा वाजवून बघायचे, गवंड्याला ओळंबा धरायला शिकवायचे. गवंडी मामींकडे तक्रार घेऊन आला होता. शेवटी एक दिवस वरचं कापड बाजूला झालं. आत शेड नव्हती. लालभडक हृदय होतं, 'माझी कुरुळी' अशी माणसाएवढी अक्षरं होती आणि शेजारी लोखंडी खांबांना जखडलेले, दहा फुटी भाऊ होते. भाऊ म्हणजे गावचे पुढारी. माणूस वाईट नव्हे, कुणाच्याही मयतीला आधी पोचणारा. पण कॅमेरा दिसला की त्यांचे हात आपोआप जोडले जातात. या कटआउटमध्ये मात्र त्यांचा एक हात पुढं आलेला होता, म्हणजे शेजारी उभं राहून सेल्फी काढली की भाऊंनी आपल्या खांद्यावर हात ठेवलाय असं दिसावं.

चैत्रातल्या एका दुपारी मामांच्या शेजारी भाड्यानं राहणारी संगीता त्याच ठिकाणी, दुसऱ्या शिफ्टच्या बसची वाट बघताना, चक्कर येऊन पडली. तिला सातवा महिना होता. मामा तिथंच होते. त्यांनी तिला रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं, आणि डॉक्टर "दोघंही ठीक आहेत" म्हणेपर्यंत बाहेरच्या बाकावर टोपी मुरगाळत बसले. घरी आले ते जेवलेच नाहीत. मामींनी मला फोन करून सांगितलं, "संसद चालू हाय आन् ह्यांनी टीव्ही लावला न्हाई. तुम्ही येता का?"

दुसऱ्या दिवशी टीव्ही लागला. विरोधी बाकांवरच्या एक खासदार बाई बोलायला उभ्या होत्या. लोकांच्या पैशातून पुढाऱ्यांच्या प्रतिमा उभ्या करायच्या आणि लोकांनी त्यांच्या शेजारी उभं राहून सेल्फी काढायच्या, याचे त्यांनी चांगलेच वाभाडे काढले. समोरच्या बाकांवरून आरडाओरडा झाला, पण बाई हटल्या नाहीत. माझ्या पिंपरीच्या ऑफिसात फोन खणखणला. "जावईबापू! लोकसभेत आपल्या फाट्यावर चर्चा चालू हाय!"

"मामा, त्यांना कुरुळी माहीत तरी असेल का?"

"नाव घेतलं न्हाई. पण वर्णन तंतोतंत हाय."

त्या रविवारी मी पोचलो तेव्हा मामा फाट्यावर होते. हातात स्टीलची टेप, वही, कानावर पेन्सिल. सकाळी नवापासून चारपर्यंत दर तासाला त्यांनी भाऊंची सावली मोजली. टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. येणारेजाणारे गाड्या थांबवून विचारत होते, "काय राव, जमीन मोजताय का?" मामा नुसतं म्हणायचे, "तपासणी." हृदयाच्या सावलीची वेगळी नोंद होती, पण हृदय मधून पोकळ असल्यामुळे ती त्यांनी बाद केली.

महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा शाळेच्या पटांगणात, मांडवाखाली भरली. भाऊ पुढच्या खुर्चीवर होते. त्या दिवशी कंपन्यांना सुट्टी, म्हणून एरवी सभेला कधी न दिसणाऱ्या पंधरा-वीस बाया आल्या होत्या. संगीताही मामींचा हात धरून आली होती. मामा उठले. त्यांचा आवाज कापत होता. संसदेत बोलायची तयारी त्यांनी आयुष्यभर केली होती, पण खरोखरच्या सभेत ते पहिल्यांदाच उभे होते.

"अध्यक्ष महाराज, औचित्याचा मुद्दा."

सरपंचबाईंनी आधी मागं वळून पाहिलं, मग हे आपल्यालाच आहे हे लक्षात आल्यावर पदर सावरून म्हणाल्या, "बोला की."

"फाट्यावरचं ते बांधकाम कागदावर कशासाठी म्हणून हाय?"

ग्रामसेवकांनी फाइल चाळली. "प्रवाशांच्या सोयीसाठी सुशोभीकरण."

"सोय तपासली म्या," मामांनी वही उघडली आणि त्यांचा आवाज एकदम स्थिर झाला. मालाचा अहवाल वाचायची सवय होती ती. "दुपारी बारा वाजता भाऊंची सावली रुंदीला दीड फूट. त्यात एका वेळी एकच बाई मावती, तीबी अंग चोरून. हातरुमालाएवढी सावली त्यांच्या पुढं केलेल्या हाताची हाय, तिच्यात डोकं मावतं, पण मग गुडघ्यावर बसावं लागतं. बसला येतात तीस बाया. ही लेकरू पोटात घेऊन उभी होती. ती त्या दीड फुटात मावली न्हाई."

आधी हसू फुटलं होतं. शेवटच्या वाक्याला ते थांबलं. मागून एक म्हातारे शेतकरी उठले. "खरं हाय. आमी फोटोला न्हाई उभं ऱ्हात तिथं, यष्टीला उभं ऱ्हातो." मग बाया बोलू लागल्या, एकदम सगळ्या, आणि सरपंचबाईंनी "खाली बसा" म्हटलं तरी एकही बसली नाही. मामांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी असं काही पसरलं होतं की मी ते विसरणार नाही. अखेर त्यांना हवं तसं सभागृह मिळालं होतं.

भाऊ हुशार. ते उठले, हात जोडले. "आवो, मी हेच बोलाया आलो व्हतो आज! शेड झालीच पायजे. खांब तयारच हायेत, माझा फोटू काढा आन् वर पत्रा टाका."

हात वर करून ठराव झाला. विरोधात एकही नाही. बायांनी मामांना घेरलं, "मामा, एक सेल्फी!" मामा बावरून माझ्याकडं बघायला लागले. मग टोपी नीट केली, छाती पुढं काढली आणि म्हणाले, "एकच. आन् लाल चिठ्ठी लावू नका." त्या फोटोत सगळ्या हसतायत आणि मामा सावधानमध्ये उभे आहेत.

पाऊस लागायच्या आत शेड झाली. वर पत्रा, खाली दोन लांब बाकं, आणि दर्शनी भागावर भाऊंचा हसरा चेहरा, 'यांच्या अथक प्रयत्नांतून साकार'. माझा संताप झाला. भाऊंनी उद्घाटनाला स्वतःच्या सेल्फी काढल्या तेव्हा मामा पाठमोरे होऊन एकेक बोल्ट पान्यानं आवळून बघत होते.

फाट्यावर माणसं टिकत नाहीत. संगीता बाळाला घेऊन नवऱ्याबरोबर तळेगावकडं गेली. ग्रामसभेला आलेल्या बायांपैकी कुणाची कंपनी बदलली, कुणाची खोली. मागच्या आठवड्यात मामांना डोळ्यांच्या तपासणीला न्यायचं होतं म्हणून आम्ही दोघं शेडमध्ये बसची वाट बघायला गेलो. दोन्ही बाकं भरलेली होती. गळ्यात कंपनीचं कार्ड घातलेली एक नवी पोरगी मामांना पाहून उठायला लागली. मामांनी तिला बसवलं. ती सरकली आणि त्यांच्यापुरती जागा झाली.

"पोरी, ही शेड कुणी बांधली गं?" मामांनी विचारलं.

तिनं वर फ्लेक्सकडे पाहिलं. "भाऊंनी."

मी तोंड उघडलं, तर मामांचा हात माझ्या गुडघ्यावर आला. "ऊन लागत न्हाई ना इथं?" त्यांनी तिला विचारलं.

"नाही ओ. बरंय इथं."

"हं," मामा म्हणाले. मग तिची बस आली, ती पळत जाऊन चढली, आणि तिच्या जागेवर दुसरी येऊन बसली.