बसायला दोन बायका

पेशंटशी बोलायचं असलं की सिस्टर आधी पायाने स्टूल ओढायच्या, त्यावर टेकायच्या आणि मगच तोंड उघडायच्या. उभ्या उभ्या बोलणाऱ्या डॉक्टरांनाही सांगायच्या, "आधी बसा. आजोबांना तुमचं नुसतं पोट दिसतंय."

डॉक्टर हसायचे आणि उभेच राहायचे.

सिस्टर आमच्या वॉर्डच्या इन्चार्ज होत्या आणि मी तिथली झाडूपोछा करणारी मावशी. तुम्ही कधी कुणाला भेटायला मोठ्या दवाखान्यात गेला असाल तर पाहिलं असेल, काही म्हाताऱ्या माणसांचे हात पट्टीने खाटेच्या दांडीला बांधलेले असतात. ती माणसं वेडी नसतात. हाड मोडलं, ताप आला म्हणून भरती झालेली असतात. पण डिमेन्शियामुळे आपण कुठे आहोत हे त्यांच्या ध्यानात राहत नाही. मग सलाईन उपटतात, घरी जायला निघतात, पडतात. एवढ्या मोठ्या वॉर्डाला दोन नर्स. त्या तरी किती धावणार? बांधतात.

एका गृहस्थांची बायको आमच्याकडे अशीच बांधलेली असताना गेली. वर्षभराने ते घरच्या ट्रस्टची देणगी घेऊन आले. त्यांना वॉर्डात मोठा टीव्ही लावायचा होता. आमच्याकडे देणाऱ्याचं नाव बाकावर असतं, खाटेवर असतं, पंख्याच्या पात्यावरसुद्धा असतं.

सिस्टर म्हणाल्या, "टीव्ही नको. मला बसायला दोन बायका द्या, वर्षभर."

"बायका?"

"विसरणाऱ्या पेशंटजवळ बसतील. दुसरं काही काम त्यांना सांगायचं नाही."

"पण मग पाटी कुठे लावायची?"

"बाईच्या पाठीवर लावा. रोज पुसून ठेवू."

गृहस्थ हसले. मग त्यांनी बायको होती त्या खाटेकडे पाहिलं. "तेव्हा एखादी बसली असती तर..." एवढंच म्हणाले आणि कबूल झाले.

त्या दोघींमधली एक मी. मलाच का, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. सिस्टरच म्हणाल्या, "तू कमी बोलतेस. इथे बोलणारे पुष्कळ आहेत."

त्यांची एक पद्धत होती. असा पेशंट आला की नातेवाइकांना बसवून एक कागद भरून घ्यायचा. घरी काय म्हणून हाक मारतात, चहा कसा लागतो, कशाने घाबरतात, आधी काय काम करायचे. तो कागद उशाशी चिकटवायचा. औषधाच्या फायलीपेक्षा त्या तोच आधी वाचायच्या. मीही अक्षर लावून लावून वाचायचे.

धायरीच्या एक आजी आल्या होत्या. खुबा मोडलेला. दोन दिवस पोटात अन्न नाही, उठायची सारखी धडपड. कागदावर होतं, 'घरी आक्का म्हणतात. म्हशी होत्या.' मी जवळ बसून विचारलं, "आक्का, म्हशींना वैरण टाकली का?"

"कुनी टाकली?"

"मी टाकली."

"पानी दावलंस?"

"दावलं."

"मंग आन भाकर," असं म्हणून त्या जेवल्या.

संध्याकाळी त्यांचा मुलगा यायचा. त्यांनी म्हशीचं नाव काढलं की तो म्हणायचा, "अगं आई, म्हशी कधीच विकल्या. तिथे बिल्डिंग झाली." आजी पुन्हा पहिल्यासारख्या रडायच्या. सिस्टरांनी ते दोनदा ऐकलं. तिसऱ्या वेळी स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसल्या.

"अहो, तुम्ही एकदा विकल्यात ना म्हशी? मग आईला रोज नव्याने कशाला विकायला लावता?"

तो ओशाळला. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं, आईचा हात धरून तो धारेच्या गोष्टी करत होता.

त्या वर्षी आमच्या वॉर्डात कुणाचेच हात बांधले नाहीत. आक्का काठी टेकत चालत घरी गेल्या. मला वाटायचं, हे सगळ्यांना दिसतंय.

वर्ष संपत आलं तेव्हा ते गृहस्थ अंथरुणाला खिळले होते. ट्रस्टचं काम मुलाकडे गेलं होतं. तो पाहणीला आला तो नेमका दुपारी, सगळे पेशंट शांत पडलेले असताना. मी एका आजींचा हात धरून बसले होते.

"तुम्ही इथे नेमकं काय करता?" त्याने विचारलं.

मी ताडकन उठले. साहेब समोर आले की आम्ही उठतोच. आजींचा हात सुटला, त्या दचकून जाग्या झाल्या. आणि मी म्हणाले, "काही नाही साहेब. बसते."

तो सिस्टरांकडे वळला. "दोघी नुसत्या बसायला?"

सिस्टरांनी त्याला सगळं सांगितलं, कागद दाखवले. तो मान डोलवत होता, घड्याळ बघत होता. पुढच्या देणगीतून टीव्ही आला. खाली त्याच्या वडिलांच्या नावाची पितळी पाटी. मला परत फरशी पुसायला लावलं.

"सिस्टर, माझ्यामुळे झालं," मी म्हणाले.

"तुझ्यामुळे कशाला? त्याला डोळे आहेत." मग म्हणाल्या, "पण पुन्हा कुणी विचारलं तर 'काही नाही' म्हणू नकोस. सांग, ही बाई सकाळपासून पडली नाही, ते मी केलं."

त्यानंतर त्यांनी बरेच अर्ज केले. उत्तर आलं नाही. मग त्या रिटायर झाल्या आणि साताऱ्याला भावाकडे गेल्या. एकदा त्यांचा फोन आला होता. "बांधतात का गं?" मी हो म्हणाले. मला अजून राग येतो. त्या मुलाचा येतो, आणि त्याहून जास्त माझ्या त्या दोन शब्दांचा.

सध्या टीव्हीसमोरच्या खाटेवर एक आजोबा आहेत. दोन्ही हात बांधलेले. त्यांच्या खाटेखालची फरशी पुसायला गेले की मी बादली वाटेत ठेवते आणि पट्ट्यांच्या गाठी सोडते. ते मनगटं चोळतात, चादरीची घडी घालतात, मोडतात, परत घालतात. मी खाली पुसत राहते.

"मावशी, अजून तिथेच?" नवी सिस्टर टेबलावरून विचारते.

"डाग आहे," मी म्हणते. "वेळ लागेल."