दुसरी बॅटरी

ज्योतीराम सोनटक्केविषयी मी काही लिहावं, इतकी माझी त्याची ओळख नव्हती. मूळ गाव अहमदपूरकडचं, नोकरी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत, राहायला तळेगाव स्टेशनच्या बाजूला, एवढंच मला ठाऊक होतं. त्याचे आईवडील आहेत की नाहीत, हेही मी कधी विचारलं नाही. वर्षभर रविवारी सकाळी भेटत होतो, आणि तो गेल्यावर त्याचं घर मला पत्ता विचारत शोधावं लागलं.

आमच्याकडे एमआयडीसीचे काही प्लॉट अजून मोकळे आहेत. मी तिकडे फिरायला जातो. एका रविवारी तिथे चाळिशीचा एक माणूस गुडघ्यावर बसून पांढऱ्या विमानाला चिकटपट्टी लावत होता. पंख दोन हात लांब असतील. मी लांबच उभा राहिलो.

"काका, लांबून काय बघलालाव? या की जवळ."

विमान थर्माकोलचं होतं. पिंपरीतल्या कंपनीत मी तेहेतीस वर्षं स्टोअरमध्ये काढली, त्यामुळे तोंडातून पहिला प्रश्न तोच निघाला. "हा पॅकिंगचा माल दिसतोय. गेटपास घेतला होता का?"

तो हसला. "घेतला की. रद्दी थर्माकोल, घरगुती वापर."

मग त्याने विमान हातातून सोडलं. ते चांगलं वर गेलं, वळून आमच्याकडे यायला लागलं, एकदम कलंडलं आणि मुरमावर आपटून त्याचं नाक तुटलं. "हे सातवं," तो म्हणाला, आणि तुकडे गोळा करायला गेला. विमान आपल्याकडे तोंड करून येतं तेव्हा त्याचं डावं आपलं उजवं होतं, आणि शिकणाऱ्याचा रिमोटवरचा अंगठा नेमका तिथे चुकतो, हे त्याने मला परत आल्यावर समजावलं.

त्या प्लॉटांवर पूर्वी ज्यांची शेती होती, त्यांतले चिमाजी म्हशी घेऊन तिथे यायचे. त्यांनी एकदा विचारलं, "केवढ्याला पडलं हे?"

"विमान फुकट हाय, मामा. रिमोट साडेपाच हजार, मोटर आन् बारकं सामान तीन, चार्जर दीड. बॅटऱ्या दोन, त्याचे चार."

"म्हंजी एक पारडू आलं असतं."

"आलं असतं. उडलं नसतं."

"आन् हे तरी कुटं उडतंय?" चिमाजी म्हणाले. ज्योतीराम त्यावर बराच वेळ हसत होता.

चिमाजी गेल्यावर मात्र तो म्हणाला, "काका, खरा खर्च तो नाही. अकरा वर्षांत मी एक रविवार सोडला नव्हता. रविवारचा ओव्हरटाइम डबल असतो. आता सोडतोय तर सुपरवायझर विचारतो, घरी काय कार्यक्रम हाय का? काय सांगू त्याला?" मीही असे रविवार पुष्कळ भरले होते, पण ते कशासाठी सोडावेत असं माझ्याजवळ काही नव्हतं.

दिवाळीपर्यंत त्याचा हात बसला. विमान मोठा फेरा घालून शांतपणे यायचं आणि गवतावर टेकायचं. तेव्हापासून त्याने मला रिमोट द्यायला सुरुवात केली. "धरा. वर गेलंय, मी बाजूला हाय." मी म्हणायचो, पुढच्या रविवारी. दुसऱ्याने मेहनतीने केलेली वस्तू आपल्या हातून मोडली तर काय, ही भीती होती. स्टोअरमध्ये मी आयुष्यभर लोकांना वस्तू काढून दिल्या आणि सही घेतली. स्वतःसाठी काही मागायची सवय नाही.

या बॅटऱ्यांची एक खोड आहे. वापरायची असेल तेव्हाच ती पूर्ण भरायची. भरून तशीच ठेवली तर फुगते. म्हणून ज्योतीराम शनिवारी फोन करायचा, "येलालाव का? दोन भरू?" मी दर वेळी म्हणायचो, एकच भरा. तो दोन भरून आणायचा. एक स्वतःची, दुसरी माझ्यासाठी. तिच्यावर कंपनीतली पिवळी टेप लावून 'काका' लिहिलं होतं. मी रिमोट घेतला नाही की तो विमानाची शेपटी दोन पायांत धरून गवतात बसायचा आणि ती बॅटरी निम्मी उतरेपर्यंत पंखा नुसता फिरवायचा. आजूबाजूचं गवत आडवं व्हायचं. आम्ही दोघं ते बघत बसायचो.

"वाया गेली," मी एकदा म्हणालो.

"वाया कशी? तुमची होती."

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, त्यालाही नाही. संध्याकाळी गॅलरीत उभं राहून मी समोरून येणाऱ्या टेम्पोंचं डावं-उजवं मनात लावत असे. कठड्यावर दोन्ही अंगठे ठेवून. जानेवारीअखेर दहातले नऊ बरोबर यायला लागले होते.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी प्लॉटवर दहापर्यंत थांबलो. "आज तुमचं इमान न्हाई आलं," चिमाजी म्हणाले. आदल्या दिवशी दुसऱ्या पाळीत त्याच्या छातीत दुखायला लागलं होतं. दवाखान्यात नेलं, पण तो परत आला नाही. हे मला चार दिवसांनी कळलं, आणि जायचा धीर व्हायला महिना लागला.

त्याच्या पत्नी, दिपालीताई, यांनी चहा दिला. मग एक पत्र्याचा डबा आणून समोर ठेवला. "काका, हे असं फुगलंय. धोका तर नाही ना?" दोन्ही बॅटऱ्या उशीसारख्या टम्म झाल्या होत्या. पिवळी टेप एका बाजूने सुटली होती. बाद बॅटरी मिठाच्या पाण्यात ठेवायची, हे त्यानेच मला सांगितलं होतं. मी बादली मागितली आणि दोन्ही त्यात सोडल्या. विमान कपाटावर होतं. नेता का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, पुन्हा कधीतरी.

तो गेला त्या शनिवारी त्याचा फोन सकाळी अकराच्या सुमारास आला होता. पाळीला निघायच्या आधी तो चार्जिंग उरकून घ्यायचा.

"उद्या येलालाव ना, काका?"

"येतो. पण वारं सुटलंय."

"सकाळी पडतंय ते. दोन भरू?"

"बरं," मी म्हणालो, "भरा दोन."