युएमेईच्या मामाचं कुलूप

के बिंगफाची करंगळी आठवली की मी आजही तोंड फिरवतो. तिचं नख त्यानं भलतंच लांब वाढवलेलं. त्या नखानं तो कान कोरायचा, खरबुजाच्या बियांची दातांत अडकलेली सालं काढायचा आणि मग त्याच नखानं गिऱ्हाइकाच्या नव्याकोऱ्या फोनवरचं प्लास्टिक सोलायचा. वर हसून म्हणायचा, "या, चहा घ्या!" त्याचा चहा मी कधी घेतला नाही. हुआछ्यांगबेईच्या फोनबाजारात माझा गाळा त्याच्याला लागून. मी चिकटपट्ट्या आणि फुग्याफुग्यांचं प्लास्टिक विकतो, तेव्हा कोण काय गुंडाळून कुठं पाठवतोय ते मला बसल्या जागी कळतं.

पण सांगायचंय ते त्याच्या भाचीबद्दल, युएमेईबद्दल. आमच्याच छाओशान मुलखातली पोर. बाप लहानपणीच गेला. आईनं तिला मामाकडे धाडलं आणि बसमध्ये बसवताना बजावलं, "मामाला उलट बोलायचं नाही. त्या शहरात तुला दुसरं छप्पर नाही." पोरगी ते विसरली नाही. मामाच्या घरी खोक्यांच्या थप्पीमागे झोपायची आणि दिवसभर गाळ्यावर वायरी जोडून बसायची.

तिचं काम फोनची सिस्टिम बदलायचं. फोन सुरू होताना आत एक दारवान जागा होतो, त्याला बूटलोडर म्हणतात. त्याचं कुलूप उघडं असलं की वाटेल ती सिस्टिम आत घालता येते. पण मग सुरू होताना पडद्यावर उघड्या कुलपाचं चित्र येतं आणि बँका त्या फोनला दारात उभं करत नाहीत. म्हणून लोक ते पुन्हा बंद करून घ्यायला येत. युएमेई आधी कंपनीची मूळची सिस्टिम घालायची आणि मगच कुलूप लावायची. त्याआधी तिचा ठरलेला प्रश्न असायचा.

"काकू, कुलूप लावलं की आतलं सगळं पुसलं जातं. फोटो काढून घेतलेत?"

"घेतले गं बाई."

"नातवाचे पण?"

"अगंबाई!" म्हणत काकू फोन परत ओढून घ्यायच्या आणि मी हसून हसून लोळायचो.

एकदा मामानं खोकीच्या खोकी फोन आणले. सगळे इथल्या बाजारासाठी बनलेले, स्वस्तातले. त्यांत बाहेरदेशची सिस्टिम घालून ते परदेशी माल म्हणून विकायचे होते.

"सिस्टिम घाल आणि कुलूप लाव," मामा म्हणाला.

"मामा, परक्या सिस्टिमवर कुलूप लावलं तर आज फोन चालेल. पहिलं अपडेट आलं की मरेल. आणि कंपनीनं उघडल्याशिवाय कुलूप पुन्हा कुणालाच उघडता येणार नाही."

"मरू दे की. समुद्रापलीकडे मरेल. वास इथवर येतोय का?" आणि खी खी करत सालं थुंकला, चहाच्याच कपात!

आमच्या गावात एक मासेवाला होता. शिळ्या माशाच्या कल्ल्यांना लाल रंग फासायचा. माझी आई कल्ले उचलून बघायची आणि तिचं बोट लाल व्हायचं. मग ती ते बोट त्याच्याच सदऱ्याला पुसायची, भर बाजारात! बिंगफाचं कुलूप म्हणजे तोच लाल रंग.

युएमेईनं सिस्टिम घातली, कुलपं मात्र उघडीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी नैरोबीचा व्यापारी वेकेसा तो माल न्यायला आला. मोठा हसरा गडी, चिनी तोडकंमोडकं बोलायचा. फोन सुरू केला नि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे कुलूप उघडं का? माझं गिऱ्हाईक घेणार नाही. बंद करून द्या."

मामाचा चेहरा खुलला. "बघ! गिऱ्हाईकच मागतंय. लाव!"

"आधी मूळची सिस्टिम, मगच," ती आमच्या बोलीत म्हणाली. वेकेसाला ती बोली कुठली कळायला?

"कुणाच्या घरात झोपतेस?" मामानंही बोलीतच विचारलं, हसतमुखानं, वेकेसाच्या कपात चहा ओतता ओतता.

युएमेईनं वायर टेबलावर ठेवली आणि मान खाली घातली. कुलपं मामानं स्वतः लावली. वेकेसानं खुशीत पैसे मोजले, माझ्याकडून पट्ट्या घेतल्या. तोंड मलाही होतं. पण शेजार सांभाळायचा म्हणून मीही पट्ट्याच मोजत बसलो. थू!

त्यानंतर मामानं पोरीला काचा पुसायला बसवलं. जेवताना ती माझ्याशेजारी बसायची. एकदा म्हणाली, "आजोबा, ते फोन मेले असतील का हो?" मी म्हटलं, "भात खा."

महिने गेले आणि एका दुपारी जिन्यावरून वेकेसा येताना दिसला. खांद्यावर पोतं. त्याला बघताच बिंगफा सुटला तो थेट संडासाकडे! जाता जाता भाचीला म्हणाला, "सांग, मामा गावाला गेला. कायमचा."

बाजारातला तो संडास काय वर्णावा! आत जाताना मी नाकाला पट्टीच लावतो.

वेकेसानं पोतं टेबलावर उपडं केलं. मेलेले फोन खळखळत पडले. आता तो हसत नव्हता. "माझ्या बहिणीनं हे ओळखीपाळखीत विकले. लोक तिच्या दारात येऊन शिव्या देतात. तुझा मामा कुठाय?"

युएमेईनं एक फोन उचलला, सुरू केला. काळ्या पडद्यावर बंद कुलूप. ती ते बघतच राहिली. मग उठली.

"दादा, माझ्याबरोबर या." या वेळी बोलीत नाही, त्याला समजेल अशा सरळ चिनीत.

मी गाळा उघडा टाकून मागे धावलो. असली मजा कोण सोडेल? संडासाची दारं खालून आखूड. तिसऱ्या दाराखाली बिंगफाचे सोनेरी बकलाचे बूट चमकत होते, घाणीत घोट्यापर्यंत.

"हे माझे मामा," ती म्हणाली. "फोन मरणार हे त्यांना माहीत होतं. मलाही होतं. तेव्हा बोलले नाही, आता बोलतेय."

आतून आवाज आला, "कारटे, आज घरी पाऊल टाकून बघ!"

"नाही टाकणार, मामा. तुम्ही बाहेर या. पैसे तुम्हालाच परत करायचेत."

वेकेसा दाराला पाठ लावून उभा राहिला. त्याला घाई नव्हती. बिंगफा त्या वासात बसून राहिला. आणि खरं सांगतो, इतक्या वर्षांत तो मला पहिल्यांदाच योग्य जागी दिसला.

युएमेई परत आली, तिनं आपल्या वायरी आणि पेला उचलला आणि माझ्या गाळ्यापाशी उभी राहिली. मी चिकटपट्ट्यांची रास एका बाजूला ढकलली.

"आजोबा, छप्पर?"

"आमची म्हातारी घोरते," मी म्हटलं. "चालत असेल तर ये."