समोरच्या दारी धाडलेली तार

दोंडाईचाचे मिरचीचे व्यापारी झुंबरलाल कुणाच्या मौतीला म्हणून जात नसत. दुःखाच्या घरी काय बोलावं तेच त्यांना सुचत नसे. एकदा तर एका विधवेला त्यांनी चक्क मिरचीचा भाव सांगून ठेवला! त्या दिवसापासून ते तार करू लागले. तारबाबू चुडामण यांनी त्यांना एक इंग्रजी वाक्य बांधून दिलं होतं, त्यात 'सिम्पथाइज' असं क्रियापद होतं. अमळनेर असो की इंदूर, बातमी आली की यांचं सिम्पथाइज निघालंच. माणूस कोरडा नव्हता हो, नुसता तोंडाचा अडाणी.

त्रेपन्न साली समोरच्या रिखबचंदांची बायको सुगनबाई गेली. झुंबरलाल आणि रिखबचंद बालमित्र, पण पन्हाळीच्या पाण्यावरून भांडले आणि अबोला धरून बसले. आता अख्खी गल्ली समोर जाऊन बसून आली, तरी झुंबरलालांचा पाय उचलेना. मित्राने तोंड फिरवलं तर? दिवसभर दुकानात घुटमळले आणि शेवटी पोस्टात जाऊन त्यांनी समोरच्याच दारी तार ठोकली!

त्या काळी घरात तार येणं म्हणजे मरणाची बातमी. शिपाई दिसताच सुतकातल्या बायकांनी नव्याने हंबरडा फोडला, की आता आणखी कोण गेलं! तो ऐकून झुंबरलालांना धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

थोड्या वेळाने रिखबचंदच तार घेऊन दुकानात आले.

"हाई तूच धाडेल शे ना? माले इंग्रजी येत नही. येना अर्थ काय शे, सांग."

झुंबरलालांनी कागद हातात घेतला. इतक्या घरी हा शब्द धाडला, पण त्याचा अर्थ त्यांनी कधी कुणाला विचारलाच नव्हता.

"माले बी ठाऊक नही रे," ते ओशाळून म्हणाले. "तू एकला पडना, मना जीव कशातच लागत नही. पन तुना दारवर येवानी हिंमत नही व्हयनी." आणि गिऱ्हाइकांदेखत ते ढसाढसा रडू लागले.

रिखबचंद गादीवर त्यांच्या शेजारी टेकले. सकाळपासून ते लोकांसमोर दगड होऊन बसले होते.

"सकायपाईन बठ्ठा लोके माले सांगतस, रडू नको," ते म्हणाले. "तू रड. मी बी रडस."