टाके निघाल्यानंतरचे पंधरा दिवस

माझं हर्नियाचं ऑपरेशन मंचरला झालं, तेव्हा आमच्या शेतात कांदा काढायला आला होता. शाळेत मी महिन्याची वैद्यकीय रजा टाकली होती. डॉक्टरांनी तिसऱ्या दिवशी घरी सोडलं आणि ओसरीवरच्या खाटेवर माझं बस्तान बसलं.

ते दिवस मला फार आवडले, हे आधीच लिहून टाकतो. सकाळी सगळी माणसं शेतावर गेली की घर माझ्या एकट्याचं व्हायचं. उशाला वाचनालयातली दोन जाड पुस्तकं, पायाशी धुतलेली गोधडी, दुपारी मऊ भात आणि त्यावर तूप. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांनी आपल्या खाटेजवळचा टेबलफॅन स्वतः उचलून माझ्याकडे लावून दिला होता. भेटायला येणारे बिस्किटांचे पुडे आणि मोसंबी आणत. शेजारचे एक काका तर अंगणातूनच ओरडले, “काय मास्तर, बाळंतिणीवानी पडलाय राव! खाटंखाली शेगडी ठिवली का न्हाई?” मी हसलो आणि टाका ताणला म्हणून कळवळलो. दुखणं म्हणाल तर तेवढंच.

आठव्या दिवशी टाके काढले. मुंगी चावावी तसं झालं आणि पाच मिनिटांत मी मोकळा. डॉक्टर म्हणाले, “वजन उचलू नका. बाकी चाला, फिरा, बसून काय करायचं ते करा.” एसटीने घरी आलो. बायको दिवसभर कांद्याची पात कापून आलेली, बोटं काळी पडलेली. ती म्हणाली, “निघालं ना टाकं? मग उद्यापासून बसल्या जागी पात तरी कापू लागा. आमच्या पाठी मोडल्यात.”

पुस्तकाची दोनशे पानं राहिली होती. मी कपाळाला आठ्या घातल्या. डॉक्टरांनी अजून पंधरा दिवस पडून राहायला सांगितलंय, म्हणालो. आणि ते खरं वाटावं म्हणून पुढचं रचलं. “टाके ओढताना डोळ्यांपुढं अंधारी आली. आणि ऑपरेशनच्या दिवशी भुलीची सुई पाठीत घातली तेव्हा तर जीवच जातोय असं वाटलं.”

बायको हात धुवायला मोरीकडे गेली. दादा उंबऱ्यावर चहा पीत बसले होते. त्यांनी बशी खाली ठेवली.

“पाठीतच देत्यात का सुई?”

“हो. मणक्यात.”

“माणूस जागाच आसतो?”

“जागाच. सगळं कळतं.”

“लई सोसलंस बाबा,” ते म्हणाले. “आपल्याच्यानं न्हाई व्हायचं.”

दादांना चौकश्या करायची सवय नव्हती. तरी त्या पंधरा दिवसांत दुपारी शेतावरून आले की खाटेच्या कडेला टेकून ते असंच काहीबाही विचारत. मीही दर वेळी थोडी भर घालत गेलो. एकदा विचारता विचारता त्यांना खोकला आला आणि त्यांनी डावा हात धोतरावरून जांघेत दाबून धरला. ऑपरेशनआधी वर्षभर मीही खोकताना अगदी तसाच हात दाबून धरायचो.

मला कळलं. पुस्तक हातात होतं, पानात बोट. दादा, तुम्हालाही तेच आहे, मंचरला जाऊ, त्यात काही नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण ‘त्यात काही नाही’ हे स्वयंपाकघरात बायकोला ऐकू गेलं असतं. म्हटलं, कांदा एकदा साठवणीच्या बराखीत भरून होऊ दे, मग सांगू. दादा उठले, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि कांद्याच्या पाट्या उचलायला परत गेले. मी पान उलटलं.

कांदा बराखीत गेला, मी शाळेत जाऊ लागलो. पुढे दोनतीनदा विषय काढला. “दाखवून तरी येऊ, दादा.” ते म्हणायचे, “कापड बांधलं की भागतंय.” एकदा म्हणाले, “तू तरणाताठा, तरी तुजं ते हाल झालं. माजं काय व्हईल?” निदान तेव्हा तरी खरं सांगायला हवं होतं. पण इतक्या दिवसांनी आपलं खोटं उघडं करायची मला लाज वाटली.

चार वर्षांनी, एका सकाळी गवत कापता कापता ते बांधावर बसले ते त्यांना उठताच येईना. पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या. हर्नियात आतडं अडकलं होतं. मंचरच्या डॉक्टरांनी पोटाला हात लावून पाहिलं आणि लगेच पुण्याला न्यायला सांगितलं. शेजारच्या काकांच्या जीपमध्ये दादांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. हायवेवर कांद्याच्या ट्रकांची रांग लागलेली, जीप जागची हलत नव्हती.

“आता कापत्याल?” त्यांनी विचारलं.

“हो, दादा.”

“पाठीतच सुई?”

मग मी सांगितलं. “काही दुखत नाही, दादा. मुंगी चावल्यासारखं होतं. टाके काढतानाही काही होत नाही. मी तेव्हा खोटं बोललो. मला पडून वाचायचं होतं.”

डोळे न उघडता त्यांनी माझा हात थोपटला.

“धीर द्याया खोटं नगं बोलूस,” ते म्हणाले. “मी न्हाई भेत आता.”

ऑपरेशननंतर ते शुद्धीवर आले नाहीत. सुई किती दुखली, हे त्यांना विचारायचं राहिलं.